गायक निघालाय, तिकिटं खपतायत आणि फोन मला येतायत

पत्र लिहिणारी वाचक एकतीस वर्षांची आहे. मूळची सांगलीची, आता मुंबईत. गेली सहा वर्षं ती एका नावाजलेल्या रॉक बँडचं प्रसिद्धीचं काम बघते. त्याआधी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत होती. ह्याच बँडची मुलाखत घ्यायला गेली आणि वर्षभरात त्यांच्याकडेच रुजू झाली. प्रेस नोट, मुलाखतींच्या वेळा, फोटोग्राफरचे पास, कुणी पहाटे तीनला भलतीच पोस्ट टाकली तर ती काढायला लावणं, सगळं तिच्याकडे. लेखी करार नाही. "कधी गरजच पडली नाही, आम्ही घरच्यासारखे आहोत," असं ती म्हणते.

दोन महिन्यांपूर्वी मॅनेजरनं तिला सांगितलं, की मुख्य गायक डिसेंबरनंतर बँडमध्ये नसेल. टूरची तिकिटं मात्र फेब्रुवारीपर्यंतच्या कार्यक्रमांची विकली जातायत आणि पोस्टरवर मधोमध त्याचाच चेहरा आहे. हुकूम असा आहे, की कुणी विचारलं तर "बातमी साफ खोटी आहे" म्हणायचं. आता कुजबुज सुरू झालीय. ज्या ज्येष्ठ पत्रकारानं तिला पहिली नोकरी लावून दिली, त्यांचा गेल्या आठवड्यात फोन आला: "छापणार नाही, फक्त हो की नाही एवढं सांग." रेंज नसल्याचं सांगून तिनं फोन ठेवला. "खोटं बोलले तर सरांचा विश्वास जाईल, खरं बोलले तर माझ्याच माणसांचा घात होईल. त्यात एका पॉडकास्टवाल्यांनी विचारलंय, की बँडच्या आतल्या गोष्टी सांगायला याल का. ताई, मी काय करू? सोडून देऊ का हे काम?"

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

तू मला ताई म्हटलंयस, तेव्हा मीही सरळ अगंतुगंवर येते.

तुझ्या पत्रात दोनच वाटा आहेत. एक तर खोटं बोलायचं, नाहीतर फितूर व्हायचं. ही मांडणी तुझी नाही, मॅनेजरची आहे. त्यानं ती तुझ्या हातात दिली आणि तू ती जशीच्या तशी मला पाठवलीस. "ह्या विषयावर आत्ता काही बोलणार नाही" हे वाक्य मराठीत आहे, इंग्रजीत आहे आणि पत्रकारांना ते रोज ऐकायला मिळतं. मनोरंजनाच्या पानावर मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं सांगते. बोलणार नाही म्हणणाऱ्या पीआरवाल्याचा राग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतो. "साफ खोटं" म्हणून आठवड्याभरात तोंडघशी पडलेल्याचं नाव मात्र वार्ताहर एकमेकांना सांगत राहतात आणि पुढे त्याची खरी प्रेस नोटसुद्धा कुणी फोन करून खात्री केल्याशिवाय लावत नाही.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट वेगळी करून बघ. सगळी गुपितं सारख्या वजनाची नसतात, आणि तू ती एकाच टोपलीत टाकलीयस.

'बीटल्स' ह्या गाजलेल्या इंग्रज बँडचा गायक जॉन लेनन याचं लग्न २३ ऑगस्ट १९६२ला लिव्हरपूलच्या रजिस्ट्रार कचेरीत झालं. बँडचा मॅनेजर ब्रायन एपस्टाइन याला वाटत होतं, की गायकाचं लग्न झालंय हे कळलं तर पोरी पाठ फिरवतील. म्हणून ते लपवलं गेलं. पुढच्या एप्रिलमध्ये मुलगा झाला, तेही गुपचूप. त्याच्या बायकोला, सिंथियाला, त्याचा त्रास झालाच असणार, आणि एपस्टाइनचा हिशेब मला आवडत नाही. तरी कुणी तिकीट काढून आलेल्या श्रोत्याला फसवलं असं मी म्हणणार नाही. स्टेजवर कोण कुणाचा नवरा आहे हे तिकिटावर लिहिलेलं नसतं.

तुझ्या गायकाचं घटस्फोटाचं प्रकरण असतं, दारू सोडण्याचे उपचार असते, तर मी तुला म्हटलं असतं की ओठ शिव आणि सहा वर्षं शिवून ठेव. इथं गोष्ट निराळी आहे. जानेवारीत नागपूरला किंवा फेब्रुवारीत पुण्याला जो मुलगा पॉकेटमनी साठवून तिकीट काढतोय, तो त्या चेहऱ्यासाठी काढतोय. तो चेहरा तिथं नसणार हे विकणाऱ्याला ठाऊक आहे. म्हणजे इथं लपवलं जातंय ते कुणाचं खासगी आयुष्य नाही, विकायला ठेवलेला माल आहे. तुझं मन तुला खातंय ते सरांमुळे असं तुला वाटतं. मला वाटतं ते ह्या तिकिटांमुळे खातंय, आणि सरांचा फोन हे त्याचं निमित्त झालं.

आता तुझ्यासारख्याच पेचातली एक जुनी हकीकत सांगते, कारण ह्या धंद्यातले जवळजवळ सगळे डाव तिथं एकदा खेळून झालेत. सप्टेंबर १९६९मध्ये लेननने बँडमधल्या बाकीच्यांना सांगितलं की मी बाहेर पडतोय. बाहेर कुणालाही कळू दिलं नाही, कारण रेकॉर्ड कंपनीशी रॉयल्टीचा नवा करार व्हायचा होता. बँड फुटला असं कळलं असतं तर भाव पडला असता. सहा-सात महिने गुपित टिकलं. मग एप्रिल १९७०मध्ये बँडमधल्याच पॉल मॅकार्टनीनं स्वतःच्या एकट्याच्या अल्बमच्या पत्रकारांना पाठवायच्या प्रतींसोबत छापील प्रश्नोत्तरं जोडली. बीटल्सपासूनची फारकत तात्पुरती की कायमची, असा प्रश्न, आणि उत्तर असं की माहीत नाही. "मी सोडलं" असं सरळ वाक्य त्यात नव्हतंच. तरी 'डेली मिरर'नं पहिल्या पानावर पॉल बीटल्स सोडतोय असं ठोकून दिलं. जो आधी निघाला होता तो लेनन मागे राहिला आणि जगाच्या लेखी बँड मोडणारा ठरला मॅकार्टनी. कोण कधी काय बोलणार हे आपसांत ठरलं नाही, की बातमीचा मथळा असा भलत्याच्याच गळ्यात पडतो.

त्या दिवशी, १० एप्रिलला, लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या, बीटल्सच्याच ॲपल कंपनीच्या कचेरीत फोन कोणाला आले असतील? डेरेक टेलरला. बीटल्सचा प्रेस ऑफिसर. वेताच्या मोठ्या खुर्चीत बसून पत्रकारांचा दरबार भरवणारा, शब्दांवर जीव असलेला माणूस. त्यानं जे निवेदन काढलं त्याचा मतलब साधारण असा: वसंत आलाय, उद्या लीड्स आणि चेल्सीची मॅच आहे, रिंगो, जॉन, जॉर्ज आणि पॉल जिवंत आहेत, ठणठणीत आहेत, आशेवर आहेत. जग फिरतंय, आम्हीही फिरतोय, तुम्हीही. फिरणं थांबेल तेव्हा काळजी करा, त्याआधी नको.

त्यात एकही वाक्य खोटं नाही. मॅच खरंच दुसऱ्या दिवशी होती, एफ ए कप ह्या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेची फायनल. (ती २-२ अशी बरोबरीत सुटली आणि पुन्हा खेळवावी लागली, म्हणजे तिथंही निकाल लागला नाही.) बातमी नाकारली नाही, कबूलही केली नाही, आणि वाचणाऱ्याला काय समजायचं ते समजलं. असली काव्यात्म प्रेस नोट तू काढू नकोस, आपल्याकडचा उपसंपादक पहिल्या ओळीतच ती कापून टाकेल. मला त्यातली फक्त एक गोष्ट तुझ्या कामाची वाटते. मालक एकमेकांची तोंडं बघत नसतानाही त्या माणसानं स्वतःच्या नावानं असं काही लिहिलं नाही, जे दुसऱ्या दिवशी त्याला खोटं पाडेल.

हे गुपित फेब्रुवारीपर्यंत टिकेल असं तुझ्या मॅनेजरला वाटतंय का? सप्टेंबर १९६६मध्ये बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईला आला. ताजमध्ये खोट्या नावानं खोली घेतली, वेषही जरा बदलला. हॉटेलच्या लिफ्टवाल्या पोरानं ओळखलं. मग हॉटेलबाहेर गर्दी आणि शेवटी पत्रकार परिषद. तेव्हा मोबाइल नव्हता. तुझ्या बँडबरोबर साउंडचे लोक आहेत, लाइटचे आहेत, बस चालवणारा आहे, आणि नवा गायक शोधायचा तर त्याच्या ऑडिशनला येणारी मुलं आहेत. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे.

तेव्हा पहिलं काम मॅनेजरकडे जायचं, आणि नीतीची भाषा न वापरता जायचं. मॅनेजर लोकांना पापपुण्यापेक्षा तिकीटविक्री पटकन समजते. त्याला सांग, "त्याच्यासोबतचे शेवटचे कार्यक्रम" असं आत्ता जाहीर केलं तर डिसेंबरपर्यंतचे कार्यक्रम हाउसफुल्ल जातील. निरोपाला लोक लांबून येतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या तिकिटांना ठरावीक मुदतीत पैसे परत मागायची सोय द्या. काही जण मागतील, सगळे मागणार नाहीत. आणि हेच जानेवारीत उघड झालं तर परतावा द्यावाच लागेल, वर शिव्या. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हेही सहज बोलता बोलता टाक. तुमच्या पोस्टरला ती कितपत लागू होते हे वकिलानं सांगायचं, तू नाही. पण "एकदा वकिलाला विचारून घेऊ या का" ह्या वाक्याचा परिणाम मी पाहिलेला आहे.

आणि एक गोष्ट मला तुझ्या पत्रात कुठंच सापडली नाही. गायकाला काय हवंय? मॅनेजरचं म्हणणं आहे, तुझं आहे, सरांचं आहे. ज्याच्यावरून हे सगळं चाललंय त्याच्याशी तू बोललीस का? कदाचित त्याला आजच सांगून मोकळं व्हायचं असेल. कदाचित घरात काही कारण असेल आणि त्याला महिनाभर हवा असेल. त्याच्याकडे जा, मॅनेजरला सांगून जा, आणि एवढंच विचार की तू स्वतःच्या तोंडून हे कधी सांगणार. जाहीर करायचा तर त्यानंच करावा, त्याच्या शब्दांत, बाकीच्यांनी वाचून मान्य केलेला मजकूर असावा. तारीख ठरव. तिकीट विकणाऱ्या कंपनीला आदल्या दिवशी कळव, नाहीतर त्यांचा कस्टमर केअर तुझ्या नावानं खडे फोडेल.

तारीख ठरेपर्यंत बातमी फुटली तर? ती फुटेल असं धरूनच चाल. दोन ओळी आजच लिहून चौघांकडून ई-मेलवर मंजूर करून घे:

"पुढच्या वर्षी मंचावर कोण असेल याबद्दल बँड स्वतः लवकरच बोलणार आहे. तोपर्यंत यावर आमच्याकडून कुठलीही माहिती दिली जाणार नाही."

एवढंच. त्यात "अफवांवर विश्वास ठेवू नका" घालायचा मोह होईल, घालू नकोस, ते मागच्या दारानं आलेलं खोटंच आहे. आणि "लवकरच" लिहिलंस तर तारीख खरंच जवळची हवी.

इथं एक अडचण आहे ती नव्या पीआरवाल्यांच्या लक्षात येत नाही. आजवर प्रत्येक अफवेला तू तडकाफडकी "खोटं आहे" म्हणत आली असशील, तर आज "बोलणार नाही" म्हणणं ही कबुलीच होते. म्हणून ही सवय गुपित नसतानाच लावायची असते. ड्रमरनं बंगला घेतला ही धडधडीत खोटी अफवा असली तरी उत्तर तेच द्यायचं, की खासगी गोष्टींवर आम्ही बोलत नाही. मग ज्या दिवशी लपवायला खरंच काही असतं, त्या दिवशी तुझा तोच चेहरा कुणाला वेगळा दिसत नाही. ह्या वेळी तुला तो फायदा नाही, लोक ओळखतील. ओळखू देत. त्यांनी ओळखणं आणि तू सांगणं ह्यात फरक आहे, आणि त्याच फरकावर तुझी उद्याची पत आहे.

सरांना फोन कर. रेंजचं नाटक त्यांनी ओळखलं असणार, त्यांनी स्वतः ते शंभर जणांकडून ऐकलंय. फोन छोटा ठेव. "सर, ह्या विषयावर मी बोलू शकत नाही. तुमच्याशी बोलू शकत नाही असं नाही, कुणाशीच बोलणार नाही." त्यानंतर गप्प राहा. ते काही सेकंद गप्प राहतील, हे पत्रकारांचं जुनं हत्यार आहे, समोरचा ती शांतता भरून काढायला बोलून जातो. तू पत्रकारिता केलीयस, तुला हे माहीत आहे, तरी उलट्या बाजूला बसल्यावर विसरायला होतं. "छापणार नाही" ह्या शब्दावर जाऊ नकोस. ते शब्द पाळतीलही. पण तू हो म्हटलंस की पाचव्या मिनिटाला ते बेसिस्टला फोन करतील आणि "मला कळलंय, फक्त तुझी बाजू हवी" म्हणतील. तो त्यांचा दगा नव्हे, ते त्यांचं काम आहे. त्यांनी बातमी दुसरीकडून काढली तर त्यांच्यावर रागावूही नकोस.

आता "घरच्यासारखे" ह्या गोष्टीकडे येते. इथं मला तुझ्याशी थोडं भांडायचंय.

डेरेक टेलरचीच गोष्ट पुढे घेते, कारण त्याचा रस्ता तुझ्यासारखाच होता. तो 'डेली एक्स्प्रेस'चा मँचेस्टरमधला पत्रकार. ३० मे १९६३ला तिथल्या ओडियनमध्ये बीटल्सचा कार्यक्रम बघायला गेला आणि भारावून लिहिलं. मग जॉर्ज हॅरिसनच्या नावानं सदर लिहू लागला, एपस्टाइनचं आत्मचरित्र त्याच्यासाठी लिहून दिलं, आणि १९६४मध्ये थेट प्रेस ऑफिसर झाला. अमेरिकेच्या पहिल्या मोठ्या टूरवर सगळीकडे बरोबर. विमानात, हॉटेलात, गाडीत. यापेक्षा जवळ माणूस असू शकत नाही. आणि त्या टूरच्या शेवटी न्यूयॉर्कला तो एपस्टाइनसाठी ठेवलेल्या गाडीतून निघून गेला, एवढ्यावरून दोघांचं भांडण झालं आणि त्याची नोकरी संपली. एका गाडीवरून. चौघांपैकी कुणी दुष्ट नव्हतं, एपस्टाइनही नव्हता. फक्त गाडी कुणाची, हे जवळिकीमुळे बदललं नव्हतं.

लग्नघरात वाढपी प्रत्येकाच्या पानाशी वाकतो, प्रत्येकाला काय आवडतं ते त्याला ठाऊक असतं, पण पाटावर त्याचं नाव लिहिलेलं नसतं. तू सहा वर्षं वाढतेयस. गायक निघाला ही गोष्ट ज्या बैठकीत झाली, त्या बैठकीला तू नव्हतीस. तुला मॅनेजरकडून कळलं. ह्यात तुझा अपमान झाला असं मला म्हणायचं नाही. ती बैठक चार भागीदारांची होती आणि तू भागीदार नाहीस, इतकं सरळ आहे ते. त्यांचा तुझ्यावर जीव असेल, तुझ्या वाढदिवसाला ते पहाटे गिटार घेऊन दारात उभे राहत असतील, तेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. तू मात्र त्या जिवाच्या भरवशावर कामाची कागदपत्रं केली नाहीस.

टेलर नंतर सहकुटुंब कॅलिफोर्नियाला गेला, बर्ड्स, बीच बॉइज अशा बँडची कामं केली, १९६७च्या माँटरे पॉप महोत्सवाच्या उभारणीत होता. १९६८मध्ये बीटल्सनीच त्याला परत बोलावलं. बाहेर पडून स्वतःच्या पायावर उभं राहिल्यावर. म्हणून "मी सोडलं तर सगळं संपलं" हे मला पटत नाही, आणि "मी सोडलं तर त्यांचं कसं होईल" हे त्याहून पटत नाही. त्यांचं होईल. टेलर गेल्यावर बीटल्सची प्रसिद्धी बघायला टोनी बॅरो होताच की.

बॅरोची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. २९ ऑगस्ट १९६६, सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क. टूर करणं आता बस, असं बँडमध्ये ठरत आलं होतं, प्रेक्षकांना त्याचा पत्ता नव्हता. मॅकार्टनीनं बॅरोला सांगितलं, आजचा कार्यक्रम टेप कर. बॅरो मैदानात उभा राहून हातातल्या छोट्या कॅसेट रेकॉर्डरचा माइक वर धरून होता. एका बाजूला अर्धा तास मावणारी कॅसेट. शेवटचं गाणं चालू असताना मध्येच ती संपली. मूळ टेप त्यानं मॅकार्टनीला दिली, स्वतःची एक प्रत कुलपातल्या खणात ठेवली. तरी ते ध्वनिमुद्रण चोरवाटेनं बाजारात आलंच. कुलूप लावलेल्या खणातूनही गोष्ट बाहेर जाते आणि कुणी नेली ते कळत नाही, हे तू मॅनेजरला सांगायला वापरू शकतेस. मला त्यातलं दुसरंच काही लक्षात राहतं: तो माणूस त्या चौघांच्या टूरवरच्या शेवटच्या कार्यक्रमाला मैदानात होता, आणि कामावर होता.

तर करार. टूर संपायच्या आत कर. पहिला प्रश्न असा, की तुझा ग्राहक नक्की कोण? मॅनेजर, बँड, की चौघं वेगवेगळे? गायक बाहेर पडल्यावर त्याच्या प्रसिद्धीचं काम तू करणार का, आणि बँडशी त्याचं वाजलं तर कुणाच्या बाजूनं फोन उचलणार? हे आत्ता विचारलं नाहीस तर जानेवारीत तुला दोन्हीकडून ओढतील. महिन्याचे पैसे किती, टूरचा प्रवासखर्च कोणाचा, नोटीस किती दिवसांची, हे तर हवंच. गुप्तता पाळायची अट ते घालतील, घालू देत, फक्त काय गुप्त आणि कुठपर्यंत ते लिहून घे. आणि एक कलम तू स्वतः घाल: जे खोटं आहे हे मला माहीत आहे, असं विधान माझ्या नावानं किंवा माझ्या ई-मेलवरून जाणार नाही. मॅनेजर हसेल. हसू दे, पण कागदावर राहू दे.

निवेदनाला मंजुरी नेहमी लेखी घ्यायची, हेही त्यातच. जुलै १९६६मध्ये फिलिपिन्सच्या मनिलामध्ये बीटल्स तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी इमेल्डा मार्कोस यांच्या राजवाड्यातल्या समारंभाला गेले नाहीत. नाही म्हणायचा निर्णय मॅनेजरच्या पातळीवर झालेला. रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसल्या, देश खवळला, एपस्टाइनचा खुलासा टीव्हीवर लागला तर नेमका आवाजात खरखर सुरू झाली, आणि विमानतळावर धक्काबुक्की खाल्ली ती बँडनं आणि बरोबरच्या माणसांनी. निर्णय एकाचा आणि मार दुसऱ्याला, हे ह्या धंद्यात फार सहज होतं. कुणी काय ठरवलं त्याचा मेल तुझ्याकडे असावा.

हे मी फक्त तुझ्यासाठी लिहीत नाहीये. नगरसेवकाचं सोशल मीडिया सांभाळणारी मुलं, मालिकेतल्या नटनट्यांचे पीआर, बिल्डरच्या "मीडिया सेल"मधल्या मुली, अशी पत्रं मला येत असतात आणि जवळजवळ प्रत्येकात "लेखी काही नाही, पण साहेब घरच्यासारखं वागवतात" हे वाक्य असतं. साहेब वागवत असतील. लेखी घ्या.

सोडायचं का? ह्या आठवड्यात नाही. तू आत्ता गेलीस तर तुझं जाणं हीच बातमी होईल, सहा वर्षांची माणूस टूरच्या तोंडावर का गेली, आणि न बोलता तू सगळं बोलून गेलेली असशील. आधी मॅनेजर, मग गायक, मग तारीख. जाहीर झाल्यावर, गर्दी ओसरल्यावर, शांतपणे ठरव. पण इतकं सगळं करूनही मॅनेजर म्हणाला, की तुझ्याच नावानं "साफ खोटं" पाठव, तर मात्र थांबू नकोस. दोन ओळींचा मेल, कारण नाही, पासवर्ड आणि संपर्कांची यादी सोपवल्याची नोंद, बाकी असलेलं बिल. कुणी विचारलं तर "वैयक्तिक कारण". तिथंही तुला न बोलण्याचा हक्क आहे. आणि राहिलीस तरी पुढच्या वर्षभरात दुसरे दोन लहान ग्राहक धर. एखादं नाट्यमंडळ, एखादा छोटा महोत्सव. एकाच ग्राहकावर पोट असेल तर "नाही" म्हणायला जीभ रेटत नाही. टोनी बॅरोसुद्धा १९६८मध्ये बीटल्सना सोडून स्वतःची कंपनी काढून बसला.

राहिलं पॉडकास्ट. नको. बँडवरचं प्रेम म्हणून नको असं नाही, तुझ्या धंद्यासाठी नको. आत काम करत असताना आतल्या गोष्टी सांगणाऱ्या पीआरवालीला पुढचा ग्राहक ग्रीन रूमच्या दारातच थांबवेल. बॅरोनं आपल्या आठवणींचं पुस्तक काढलं ते २००५मध्ये, काम सोडून सदतीस वर्षं झाल्यावर. तू इतकं थांबायलाच हवं असं नाही. रोजच्या नोंदी स्वतःसाठी लिहून ठेव, त्याला कुणाची हरकत नाही. त्या पॉडकास्टवाल्यांना मात्र आजच कळव, आणि सरळ "नाही" असं लिही. "बघते" म्हणू नकोस. "बघते" म्हटलं की ते दर मंगळवारी फोन करतात, आणि तिसऱ्या फोनला तुझ्याकडून एखादा किस्सा निघालेला असतो.